भुंगेऱ्यांच्या खोलीची किल्ली

परवा वासुदेवकाकांनी विभागातल्या कूलरला नवा वाळा बसवला आणि टाकीत पाणी सोडलं. ओल्या वाळ्याचा वास पॅसेजभर पसरला. माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. तिचं टोक नाकाला लावून मी हुंगून पाहिलं. साबणाचा वास होता. तरी मी दुसरं टोकही हुंगलं.

नागपुरात या वासाने माणसं सैल होतात. बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं, तोंडाला दुपट्टा बांधलेली माणसं एकमेकांना ओळखू येत नाहीत, आणि अशात कुठल्या तरी दारातून ओल्या वाळ्याची झुळूक आली की पाय तिथेच थांबतात. माझेही थांबतात. पण मला त्या वासाबरोबर शंका येते. कुठेतरी काहीतरी ओलं राहिलं आहे, झाकण नीट बसलेलं नाही, कुणीतरी माझ्याबद्दल काहीतरी ठरवून टाकलं आहे, अशी काहीशी. तीन उन्हाळे झाले त्याला.

त्याच दुपारी मॅडमनी बोलावलं. "यंदा तुझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. सुट्टीत भुंगेऱ्यांकडे बघायला सेकंड इयरमधलं कुणीतरी निवड. तुलाच कळेल कोण चालेल ते." असं म्हणून त्यांनी हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. दोन दिवस ते माझ्या पिशवीत आहे. मी उघडलेलं नाही.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात संग्रहालयाला लागून एक लहान खोली आहे. तिच्यात काचेच्या तीन पेट्या आहेत. त्यांत कधीकाळी मासे होते, आता भुंगेरे आहेत. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, काळपट, पोटाकडून पांढुरके. त्यांच्या अळ्या तपकिरी आणि केसाळ. ही सगळी मंडळी वाळलेलं मांस खाते आणि हाड सोडते. खाटकाकडून आणलेली शेळीची मुंडी सोलून, डोळे आणि मेंदू काढून, पंख्याखाली वाळवून पेटीत ठेवली की काही दिवसांत नुसती कवटी उरते. कवटी उकळूनही साफ करता येते, पण उकळली की तडकते. हे भुंगेरे नाकाच्या आतलं पतंगाच्या कागदाएवढं पातळ हाडसुद्धा जागच्या जागी ठेवतात. मी पहिल्यांदा पेटीवर कान ठेवला तेव्हा आतून बारीक चुरचुर ऐकू आली. कढत तेलात मोहरी तडतडायच्या आधी जो एक क्षण असतो, तसा आवाज. दुसऱ्या कुणाला तो ऐकवावा असं वाटलं, आणि लगेच कुणाला ऐकवणार, असंही.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एप्रिलमधला शेवटचा तास होता. मॅडमनी वर्गात विचारलं, "सुट्टीत कोण येईल? रोज यावं लागेल." कुणीही हात वर केला नाही. पुढच्या बाकावरच्या मृणालने नाकाला रुमाल लावून दाखवला आणि वर्ग हसला. मॅडमनी रजिस्टर उघडलं. त्यांचं बोट नावांवरून खाली खाली सरकत आलं आणि एका जागी थांबलं. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू बघशील ना?"

मी हो म्हटलं. विचार करायला वेळच नव्हता. खाली बसल्यावर मात्र मला फक्त ते बोट दिसत राहिलं. वर्गात साठ नावं होती आणि ते माझ्याच नावावर थांबलं होतं. आमच्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा माणूस अर्धा क्षण थांबतो. त्या अर्ध्या क्षणात तो मनात काय काय उलगडून पाहतो, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. बाहेर पडताना मृणाल म्हणाली, आणि अगदी सहज म्हणाली, "बरं झालं तुला दिलं. माझ्या आईने मला घरात घेतलं नसतं. तुमच्यात चालतं ना?"

मी हसले. का हसले ते आजही कळत नाही.

आमचं घर उमरेडला. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे बाबा माझ्या पुस्तकांना हात लावण्याआधी हात धुतात. कोळसा नखांतून जात नाही तरी धुतात. आणि आमच्या घरात एक गोष्ट दर वर्षी सांगितली जाते. माझे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, छप्पन्न साली नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन गावी परतले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाटलाचा बैल मेला. नेहमीप्रमाणे बोलावणं आलं. आबा ओट्यावरून उठले नाहीत. "आता आम्ही मेलेलं ओढत नाही," एवढंच म्हणाले. तीन दिवस बैल गोठ्यापाशी पडून होता. बाबा ही गोष्ट सांगताना तीन दिवस या शब्दांवर बोट आपटतात.

आणि त्या आबांची नात सकाळी साडेसातला खाटकाकडून प्लास्टिकच्या डब्यात मुंडी घेऊन कॉलेजात जात होती.

मी घरी सांगितलं नाही. लॅबमध्ये प्रोजेक्ट मिळाला एवढंच सांगितलं. बाबा फोनवर म्हणाले, "कशाचा?" मी म्हटलं, "हाडांचा." ते म्हणाले, "म्हणजे डॉक्टरसारखं?" मी हो म्हटलं. त्यांचा आवाज इतका आनंदी झाला की फोन ठेवल्यावर मला पाणी प्यावं लागलं.

भुंगेऱ्यांची राखण म्हणजे दिवसभर संशय घेण्याचंच काम आहे. एक जरी भुंगेरा बाहेर निघाला तर शेजारच्या संग्रहालयातला पेंढा भरलेला मोर, ते जुनं तडस, चामड्याच्या पुठ्ठ्यांची पुस्तकं, सगळं त्याच्यासाठी जेवणच. म्हणून पेटीच्या काठाला आतून व्हॅसलीनचा पट्टा, वर जाळीचं झाकण, खोलीला दोन दारं, आणि एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. निघताना ओढणी झटकायची, कॉलर पाहायची, वेणी दोनदा झटकायची. त्यात नागपूरचा उन्हाळा. फार तापलं की हे भुंगेरे उडतात. थंड करावं तर ओल येते, आणि ओल आली की बुरशी येते, गोचिडीसारखे बारीक किडे येतात आणि पेटी संपते. मला वहीत रोज लिहावं लागे: झाकण पाहिलं, परत पाहिलं. हुडकेश्वरला आत्याच्या घरी जेवताना मध्येच वाटे की आपण आतलं दार लावलं आणि बाहेरचं नाही. सकाळी जाऊन बघावं तर दोन्ही लावलेली असत. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा संशय झाकणापुरता राहिला असता तर बरं होतं. तो माझ्याबरोबर बसमध्ये चढायचा. शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली तर ती खिडकीसाठी गेली की माझ्या वासाने? मी रुमालाला अत्तर लावू लागले. मग वाटलं, अत्तराने लोकांना आणखीच शंका येईल. 

घरी आत्या होती. ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहे. रक्त, पू, जखमा, औषधं, तिच्या नाकाला काहीही नवं नाही.

"काय वास येऊन राहिला वं तुह्या ओढणीले?"

"फॉर्मॅलिन आहे आत्या. लॅबमधलं."

"फॉर्मॅलिन मले शिकवू नको. बारा वर्षं झाली मले त्या दवाखान्यात. हा मेल्याचा वास हाय. मेलेलं, अन् वाळलेलं." तिने कांदा चिरायचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "पोरगा-बिरगा असता तर मी समजली असती. हे काय लपवून राहिली तू?"

मी तिला खरं सांगितलं. तिने उरलेला कांदा चिरून संपवला. मग कांदा कढईत टाकत म्हणाली, "दादाले मी नाई सांगत. पण त्यानं विचारलं तर खोटंबी नाई बोलत. अन् तुले त्या बाईनं काहून निवडलं, ते आधी पाय." एवढं म्हणून तिनं चमचा जोरात फिरवला. तिलाही तेच वाटलं होतं. म्हणजे ते फक्त माझ्या मनात नव्हतं.

मग मला सगळीकडे तेच दिसू लागलं. वासुदेवकाका आमच्या विभागाचे शिपाई. भिवापूरकडचे, घरी मिरचीची शेती आहे. मोठ्या आवाजात बोलणारे आणि प्रत्येकाला "बेटा" म्हणणारे. ते अकरा वाजता चहा आणायचे आणि माझा कप दाराबाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. हातात कधी द्यायचे नाहीत. "बेटा, चहा ठेवला," असं बाहेरूनच ओरडायचे आणि जायचे. मी तो कप पाहत राहायचे. कट्ट्यावर ठेवलेला कप म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कधी पीत असे, कधी मोरीत ओतत असे.

त्याच दिवसांत दात हरवला. माझी पहिली पूर्ण कवटी तयार होत होती. शेळीच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात, आणि ते सैल असतात. मी रोज मोजत असे. एका सकाळी सात होते. पेटीतला सगळा भुसा, म्हणजे भुंगेऱ्यांची विष्ठा आणि अळ्यांनी टाकलेल्या काती, मी चहाच्या गाळणीने तीनदा चाळला. दात नव्हता. आदल्या संध्याकाळी खोलीच्या दाराशी झाडू मारायला कोण आलं होतं ते मला माहीत होतं. मी काकांना विचारलं नाही. फक्त वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला मी चार दिवस उमरेडला गेले. मॅडमही ते चार दिवस बाहेरगावी होत्या, म्हणून निघताना काकांना म्हटलं, "काका, लक्ष ठेवा. ऊन फार आहे, त्यांना त्रास नको व्हायला." एवढंच म्हटलं. घाईत होते, बस चुकत होती. घरी खीर होती, पांढरी साडी नेसलेली आई होती, संध्याकाळी विहारात दिवे होते. बाबांनी शेजाऱ्यांना मला दाखवून सांगितलं, "हाडांचा अभ्यास करते." शेजारी म्हणाले, "वा." मी जमिनीकडे पाहत होते.

परत आले, बाहेरचं दार लावलं, आतलं उघडलं, आणि ओल्या वाळ्याचा वास आला. त्या खोलीत तो वास कधीच नव्हता. मागच्या गॅलरीकडच्या जाळीच्या खिडकीला बाहेरून लावलेला एक जुना कूलर घरघरत होता. त्याचा थेट झोत पेट्यांवर. पेट्यांच्या तळाशी अंथरलेल्या कापसावर पांढरी बुरशी चढली होती, जणू कुणी पीठ भुरभुरलं आहे. मुंडीचं मांस पुन्हा मऊ पडून वास मारत होतं. अळ्या कोपऱ्यात गोळा होऊन पडल्या होत्या, बऱ्याचशा हलत नव्हत्या. मी काचेला कान लावला. चुरचुर नव्हती.

मला सगळं एका क्षणात जुळल्यासारखं वाटलं. कट्ट्यावरचा कप, दात, कूलर. मी पॅसेजमध्ये जाऊन काकांना गाठलं. माझा आवाज असा निघाला की मलाच ओळखू आला नाही.

"तुम्ही मुद्दाम केलं. माझ्या हातून हे होऊ नये म्हणून. दातही तुम्हीच झाडून टाकला, मला माहीत आहे."

काकांच्या हातात पाण्याची बादली होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"काय बोलून राहिली बेटा? कोणता दात?"

"कूलर कुणी लावला?"

"म्या लावला. बाहेर माणूस मरून राहिला उन्हानं. तूच म्हणे ना, त्याइले त्रास नको. मले वाटलं, हेबी जीवच हाय. दुपारी नळाले पाणी राहत नाई तं खालच्या टाकीवून आणलं, चार दिवस, दोन-दोन बादल्या." त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. "मेले का ते?"

दोन मजले जिने. गुडघे दुखतात म्हणून ते एरवी जिन्यावर बसून बसून चढतात. मेमधल्या नागपुरात कुणाचंही भलं करायचं तर माणूस दुसरं काय करील? घरी पाहुणा आला की कूलर त्याच्याकडे वळवतात, कुत्रं धापा टाकू लागलं तर दार उघडून त्याच्यापुढेही. सगळ्या शहराने केलं असतं तेच काकांनी केलं होतं. चूक झाली होती, आणि तिच्यात माझाही वाटा होता. त्रास म्हणजे काय, हे मी सांगितलं नव्हतं.

 काका म्हणाले, "चाल, काय करायचं ते सांग." दाराशी मात्र थबकले. "म्या आत नाई येत बेटा. मले किड्यायची लई भेव वाटते. लहानपणी कानात गेला होता एक. म्हणून तं तुहा चहाबी बाहेरच ठेवतो, अन् मॅडम पेट्या पाहाले येते तं त्यायचाबी." मी वळून पाहिलं. कट्ट्यावर दोन कप होते. दोन कप रोजच असायचे. मी फक्त माझाच पाहिला होता.

पुढचे आठ दिवस आम्ही पेटी वाचवली. काका बाहेरून कोरडा कापूस, जुनी वर्तमानपत्रं, एक पिवळा बल्ब देत होते आणि मी आत एकेक जिवंत अळी चिमट्याने उचलून नव्या पेटीत ठेवत होते. नवव्या दिवशी चुरचुर ऐकू आली. मी दार उघडून सांगितलं, "काका, जेवायला लागले." ते पॅसेजमधून ओरडले, "मंग तूबी जेव!"

पण एवढ्याने माझा संशय गेला नाही. काकांच्या बाबतीत मी चुकले म्हणून मृणालचं बोलणं खोटं ठरत नव्हतं. ते मी या कानांनी ऐकलं होतं. आणि ते बोट मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. जूनच्या सुरुवातीला मी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर त्यांच्याच वडिलांचा फोटो आहे. तेही याच विभागात शिकवायचे. त्या फोटोखाली उभं राहून मी विचारलं, "मॅडम, हे काम मलाच का दिलं?"

"का? सोडायचंय का?"

"नाही. तेवढं सांगा."

त्यांनी पेन बंद केलं. "गांडुळाच्या छेदाचं प्रॅक्टिकल आठवतं? ती स्लाइड जुनी होती, खराब झालेली. पुस्तकात आतल्या बाजूला एक घडी दाखवतात, ती त्या स्लाइडमध्ये उरलीच नव्हती. तरी सगळ्यांनी काढली, पुस्तकातून बघून. तू तिथे रेघ ओढून लिहिलंस, 'दिसले नाही'. तेही मराठीत."

मला आठवलं. इंग्रजीत काय लिहायचं ते सुचलं नव्हतं.

"झाकण बसलंच असेल, असं धरून चालणारं माणूस मला त्या खोलीत नको होतं," त्या म्हणाल्या. "न दिसलेलं दिसलं म्हणणारं तर नकोच."

मी गप्प राहू शकले असते. तोंडून निघून गेलं, "पण तुमचं बोट रजिस्टरवर थांबलं होतं. माझ्या आडनावावर."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू समजत गेलं, आणि समजत जाणं मला दिसत होतं. त्या म्हणाल्या, "मी त्या जर्नलवरचं नाव शोधत होते. तुला असं वाटू शकेल, हे माझ्या मनातच आलं नाही. यायला हवं होतं. तेव्हाच कारण सांगितलं असतं तर..."  

मी घरी जाऊन जुनी जर्नल काढली. त्यांच्या बोलण्यावर विश्वास होता, तरी काढली. त्या पानावर 'दिसले नाही'च्या शेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती आणि सही होती. तारीख फेब्रुवारीची. ते पान परत मिळाल्यावर मी कधी उघडूनच पाहिलं नव्हतं.

आत्याने बाबांना सांगितलं नाही, पण बाबांनी विचारलं आणि ती खोटं बोलली नाही. एका सकाळी ते उमरेडची पहिली बस पकडून थेट कॉलेजच्या फाटकावर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. मी त्यांना संग्रहालयात नेलं, कारण दुसरीकडे कुठे न्यावं ते सुचलं नाही. काचेच्या कपाटात माझी कवटी होती. ते वाकून पाहू लागले. काचेला हात लागू नये म्हणून दोन्ही हात मागे बांधलेले.

"वरचे दात कुठं गेले असं विचारत असतीन पोरं?" ते म्हणाले.

"रोज विचारतात."

"शेळीले वर समोर दात राहते कुठं? शहरातली पोरं." थोडं हसले. मग हसू गेलं. "हे तुले करायले लावलं, का तू केलं?"

मी सगळं सांगितलं. बोट, मृणाल, कप, कूलर, जर्नल. फोनवर बोललेलं खोटं सगळ्यात शेवटी. ते कवटीकडेच पाहत ऐकत होते. मी म्हटलं, "आबांनी हेच सोडलं होतं ना बाबा?"

"नाई." त्यांनी मान हलवली. "आबाले मेल्याची किळस नोयती. बोलावलं की जावंच लागे, नाई म्हणता येत नोयतं, ते सोडलं त्यायनं. तुले नाई म्हणता येत होतं का?"

"येत होतं," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय."

त्यांनी कपाटातली चिठ्ठी वाचली. हळूहळू, ओठ हलवत. शेळी. कवटी. तयार करणारी, आणि पुढे माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. खाली बारीक अक्षरात: खालचा एक दात हरवला आहे.

"हे काहून लिहिलं? कोणाले समजलं असतं?"

"नाही लिहिलं तर म्हणतील हिनेच पाडला."

बाबा इतक्या मोठ्याने हसले की पॅसेजमधून वासुदेवकाका डोकावले. पिशवीतून बाबांनी आईने दिलेला डबा काढला. आम्ही तिघं जिन्यावर बसून जेवलो. निघण्याआधी बाबांनी खोली बघायची म्हटलं, आणि आतलं दार उघडण्याआधी बाहेरचं नीट लागलं का ते स्वतः ओढून पाहिलं.

त्यांना दिलेलं उत्तर मात्र अजून माझ्या मनात खुपतं. येत होतं, असं मी म्हणाले. त्या दिवशी वर्गात उभी राहून मला खरंच नाही म्हणता आलं असतं का? साठ जण पाहत असताना, मॅडम मान वर करून थांबल्या असताना? मला माहीत नाही. वहीतल्या काकांच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह मी खोडलं. हे एक मी आजवर तसंच ठेवलं आहे.

तो दात आजपर्यंत सापडलेला नाही. दर उन्हाळ्यात भुसा चाळताना मी त्याच्यासाठी एकदा थांबते.

आज दुपारी मी रजिस्टर न उघडता मॅडमच्या टेबलावर परत ठेवलं आणि सेकंड इयरच्या जर्नल मागून घेतल्या. खाकी कव्हरवर नावाच्या चिठ्ठ्या असतात, म्हणून सगळ्या पालथ्या करून भुंगेऱ्यांच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर रचल्या. मागून पानं उलटत गेले. त्याच स्लाइड्स, अजून थोड्या जुन्या झालेल्या. एकामागून एक, पुस्तकातल्यासारख्या सुंदर आकृत्या. पॅसेजमधून वाळ्याचा वास येत होता. ढीग निम्म्याहून खाली गेल्यावर एक वाकडीतिकडी आकृती लागली. बाणाच्या टोकाशी पेन्सिलीने लिहिलं होतं: इथे काच फुटली आहे, पुढचं मला कळत नाही.

मी ती जर्नल उलटी केली आणि नाव वाचलं. आडनाव वाचताना मी अर्धा क्षण थांबले. थांबले, हे माझं मलाच कळलं, आणि कान गरम झाले.

मग ते पान पुन्हा उघडून मी त्यात कागदाची पट्टी घातली. उद्या बोलावीन तेव्हा आधी हे पान दाखवीन. नंतर विचारीन. आणि विचारून झाल्यावर दुसरीकडे पाहीन, नाही म्हणायला पुरेल इतका वेळ.